देवाला शिवलेलं चालतं का?

सोवळ्याचं वस्त्र शिवलेलं नसावं, हे मला सदाशिव पेठेतल्या सासरी आल्यावर कळलं. रेशमी कद चालतो, लोकरीची धाबळी चालते, पण सदरा किंवा बंडी चालत नाही. कात्री लागून सुई फिरली की कापड पूजेतून बाद. असं का, म्हणून सासूबाईंना एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "देवापुढे माणसाची कारागिरी मिरवू नये गं." "मग कद विणला कोणी?" असं मी म्हणताच "नैवेद्याचं बघ आधी," असं उत्तर मिळालं.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी ठिगळकाम शिकले, आणि तो प्रश्न नव्यानं मागे लागला. आमच्या शिक्षिका ज्याला 'हाफ स्क्वेअर ट्रँगल' म्हणतात, तो दोन रंगांच्या दोन त्रिकोणांचा चौकोन असतो. चार इंची दोन चौकोन सुलट बाजू आत घेऊन एकमेकांवर ठेवायचे, पेन्सिलीनं कर्ण आखायचा, त्याच्या दोन्ही अंगांनी पाव-पाव इंचावर शिवण मारायची आणि मग कर्णावरच कात्री चालवायची. आधी त्रिकोण कापून मग जोडायला गेलं, तर कर्णाची बाजू उरेब असल्यानं ओढली जाते आणि चौकोन वाकडा होतो. म्हणून जोडणी आधी, कापणी नंतर. गणिताच्या बाईंना याहून सुखाचं काय असणार!

पण हिशेब मांडला की सुख जरा उतरतं. दोन चौकोनांचं मिळून बत्तीस चौरस इंच कापड घेतलं. कडा छाटून, चारी बाजूंनी पुढची शिवण झाल्यावर गोधडीवर दिसतात ते तीन इंची दोन चौकोन, म्हणजे अठरा चौरस इंच. चौदा इंच कुठे गेले? काही कातरणात, काही शिवणीच्या पोटात. अख्खा चौकोन हातात असताना तो कापायचा, परक्या रंगाशी जोडायचा आणि आधीपेक्षा लहान चौकोन मिळवायचा. याला काटकसर म्हणणं ढोंग आहे. माझी आजी जुन्या लुगड्यांचे थरावर थर घालून धावदोऱ्यानं गोधडी शिवायची, तिच्या हातून चिंधी वाया जात नसे. ती होती काटकसर.

आता सोवळ्याच्या नियमाचं दुसरं टोक पाहा. बौद्ध भिक्षूचं चीवर अखंड चालत नाही. ते कापून, तुकडे जोडूनच शिवावं लागतं. विनयपिटकाच्या महावग्गात त्याची हकिगत आहे. राजगृहाहून दक्षिणागिरीकडे जाताना बुद्धांना मगधातली बांधबंदिस्तीची शेतं दिसली. भिक्षूंची चीवरं अशी करता येतील का, असं त्यांनी आपला शिष्य आनंद याला विचारलं, आणि आनंदानं ती करून दाखवली. कापलेल्या कापडाला बाजारात किंमत उरत नाही, चोरालाही त्याचा मोह होत नाही. ज्या फर्ग्युसन कॉलेजात धर्मानंद कोसंबी १९१२ पासून काही वर्षं पाली शिकवत होते, तिथून आमचं घर चालत जाण्याच्या अंतरावर. तरी एका गावात हे दोन नियम सुखानं नांदतात: इथे शिवलं तर अपवित्र, तिथे न शिवलं तर नियमबाह्य.

हा हिंदू-बौद्ध असा भेद असेल, असं मला आधी वाटलं. तसं नाही. हजला जाणारा मुसलमान पुरुष इहरामच्या दोन न शिवलेल्या चादरी नेसतो, आणि सुफी फकिराचा खिरका ठिगळांचा असतो. आपल्याकडेही पूजेला बसणारा कद नेसतो, तर गोसावी कंथा पांघरतो. गाडगेबाबांचं चिंध्यांचं पांघरूण तर महाराष्ट्रानं डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे दोन्ही रिवाज एकाच धर्मात सापडतात, फरक पडतो तो मुदतीचा. अखंड वस्त्र तासाभराचं किंवा थोड्या दिवसांचं. पूजा आटोपली, हज पुरा झाला की माणूस पुन्हा सदऱ्यात शिरतो. ठिगळाचं वस्त्र घेतो तो घर सोडलेला, आणि ते घेतो कायमचं. संसारी माणसाला घटकाभर सगळ्या जोडांतून सुटल्यासारखं वाटावं, यासाठी कद. ज्यानं जोड खरोखरच तोडले, त्याला मात्र अंगावर शिवणी वागवायला संकोच नाही.

मला या मांडणीतही एक गोष्ट खुपते. चीवराच्या कथेत वैराग्य आहेच, पण त्याआधी कुणीतरी थांबून शेतांची नक्षी पाहिली आहे आणि ती त्याला आवडली आहे. फक्त किंमत घालवायची असती, तर कापड कसंही फाडून चाललं असतं. चिंध्यांनाही आकार हवा, हे त्या थोर विरक्तालाही वाटलं. माझे चौदा इंच त्याच खात्यावर जातात, असं मी मानते. आकाराची हौस अध्यात्मात बसत नाही असं म्हणणाऱ्यांनी आधी आनंदाला जाब विचारावा.

सध्या मी देवघरासाठी हातभर आसन शिवतेय. सासूबाईंच्या इरकलीचा धडका भाग आणि कापडगंजातून आणलेलं पांढरं सुती, असे त्रिकोण. यांचं म्हणणं, शिवलेलं देवाखाली नको. मी म्हटलं, "सारसबागेतल्या गणपतीला थंडीत स्वेटर आणि कानटोपी घालतात, ते चालतं ना?"

"तो देव आहे. त्याला चालतं. सोवळं आपल्याला."

"मग आसनावर कोण बसणार आहे, तुम्ही की देव?"

यावर हे पंचांग उघडून बसले. मी कडेची पट्टी लावायला घेतली आहे.