कुणाच्या पोत्यात नळी खुपसायची?

मोंढ्यात माल उतरला की खरेदीदार पोत्यात टोकदार नळी खुपसतो, तळहातावर दाणे घेतो, दोन दाताखाली चावून बघतो, ओलावा मोजायचं यंत्र लावतो. शेतकरी शेजारीच उभा असतो. यात त्याला काही अपमान वाटत नाही. अपमान वाटतो तो शेजारच्या ढिगाला हातही न लावता 'ते आपलेच आहेत, घेऊन टाका' असं कुणी म्हणतं तेव्हा. तपासणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं आपण सहज बोलून जातो. मला वाटतं, खरा प्रश्न नळीचा नाहीच. ती कुणाच्या पोत्यात खुपसायची आणि कुणाच्या नाही, हा आहे.

हे डोक्यात आलं ते भाच्यामुळे. आमच्या घाटनांदूरकडे ज्वारी, तूर आणि आता जिकडे तिकडे सोयाबीन. तांदूळ कायम बाहेरून यायचा, पूर्वी तर सणाला नाहीतर पाहुण्याला. त्याच घाटनांदूरचा हा पोरगा मस्कतमध्ये किराणा माल पुरवणाऱ्या एका लहान कंपनीत खरेदी बघतो. गोंदियाकडचा उकडा तांदूळ मागवायचा होता. मी बँकेच्या परदेशी व्यवहार विभागात बरीच वर्षं कागद वाचण्यात घालवली, म्हणून त्याचा फोन. "मामा, माणूस खरा आहे का हे इथं बसून कसं कळणार?"

तपासायचं काय, हे सांगणं सोपं होतं. आयात-निर्यात कोड विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पडताळून घ्यायचा. अपेडाची नोंदणी आहे का बघायचं. जीएसटी क्रमांक टाकला की फर्मचं नाव आणि नोंदणीची तारीख दिसते. बँक खातं त्याच फर्मच्या नावावर हवं, कुणा व्यक्तीच्या नव्हे. आणि ऐन वेळी 'आमचं खातं बदललंय, पैसे नव्या खात्यात टाका' असा ईमेल आला, तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर स्वतः फोन लावल्याशिवाय एक रियालही हलवायचा नाही. कंटेनर भरताना त्रयस्थ तपासनीस उभा करायचा. तुकडा किती टक्के, ओलावा किती, हे त्याने लिहून द्यायचं.

पण यातला प्रत्येक कागद पुढच्या कुणावर तरी बोट दाखवतो. फर्म अस्तित्वात आहे, एवढंच कोड सांगतो. तपासनीसाचा दाखला खरा मानायचा तर आधी तपासनीस खरा मानावा लागतो. विश्वास संपत नाही, नुसता एक घर पुढे सरकतो. बँकांनी तर हे उघडच मान्य केलंय. पतपत्राचे जे आंतरराष्ट्रीय नियम २००७ पासून लागू आहेत, त्यात स्वच्छ लिहिलंय की बँकेचा व्यवहार कागदपत्रांशी, मालाशी नाही. १९४१ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात श्रोडर बँकेविरुद्ध एक खटला आला होता. ब्रशासाठी लागणारे डुकराचे राठ केस भारतातल्या एका विक्रेत्याकडून मागवले होते. पन्नास पेट्या जहाजावर चढल्या, कागद चोख. खरेदीदाराचं म्हणणं असं, की पेट्यांत गायीचे केस आणि कचरा भरलेला होता. पैसे देण्याआधीच बँकेला अशी फसवणूक कळली असेल, तर कागदाआड लपायची सवलत लबाड विक्रेत्याला मिळू नये, असं न्यायालयाने म्हटलं. आजही हा निकाल दाखवला जातो. निकाल योग्यच, पण गरज पडली ती कागद निर्दोष होते म्हणून. माझ्याही टेबलावर सगळ्यात नीटनेटके कागद नेहमी सगळ्यात सचोटीच्या माणसाचेच असत, असं म्हणवत नाही.

ब्रिटिश तत्त्वज्ञ ओनोरा ओनील यांनी २००२ च्या रीथ व्याख्यानांत हाच धागा धरला होता: तपासण्यांचे थर चढवून विश्वास वाढत नाही. मला ते बरंचसं पटतं. पण या वाटेने आपण फार लवकर 'पूर्वी शब्दाला किंमत होती' या सुरावर येतो, आणि तिथं मला थांबावंसं वाटतं.

पूर्वी हुंडी होती. तिचा एक प्रकार शाहजोग: पैसे 'शाहा'लाच, म्हणजे बाजारात पत असलेल्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यालाच मिळायचे. जोखमी हुंडीत तर माल सुखरूप पोचला तरच पैसे. व्यवस्था हुशारीची होती, आणि शब्दावर चालायची यात शंका नाही. पण शब्द कुणाचा? पत घराण्याची, जातीची, पेठेची. ज्याच्या आजोबाला पेठेत कुणी ओटीवर बसू दिलं नाही, त्याचा शब्द कितीही खरा असला तरी तो शाहा होणार कसा? त्याला कागद हाच मामा. सरकारी नोंदणीला आडनाव लागतं, पण पत लागत नाही. सगळ्यांच्या पोत्यात सारखीच नळी खुपसली जाते तेव्हा बिननावाचा माणूस पहिल्यांदा रांगेत उभा राहू शकतो. माझ्या मते तपासणीची नैतिक बाजू एवढीच आहे आणि ती लहान नाही.

कागदात न मावणारं आणखी एक असतं. २० जुलै २०२३ ला सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, ऑगस्टमध्ये उकड्यावर २० टक्के शुल्क आलं. ज्यांनी जुन्या भावाने शब्द दिला होता, त्यातले कितीतरी सरळ माणसं असणार. शब्द मोडणारा आणि ज्याचा शब्द मोडला गेला तो, परदेशातल्या गोदामातून दोघं सारखेच दिसतात.

भाच्याकडे दोन भाव आले होते. एकाची फाइल चकचकीत, भाव टनामागे कमी, बोलणं मध. फक्त पूर्ण रक्कम आगाऊ हवी. दुसरे दोन भाऊ, नोंदणी दोनच वर्षांची, परदेशात ओळख सांगायला कुणी नाही. तपासनीसाचं नाव काढल्यावर मोठा भाऊ फोनवर तडकला, "आम्ही काय चोर आहोत?" मग म्हणाला, पाठवा. मला तो तडकलेला आवडला. अर्थात हाही काही पुरावा नव्हे. रागाचं नाटकही करता येतं. म्हणून भाच्याला म्हटलं, एकच कंटेनर, थोडी रक्कम आगाऊ, तपासणी भरतानाच, आणि बुडालं तर तुमची कंपनी उभी राहील एवढाच आकडा. नव्या माणसाला संधी द्यायचीच, पण ती मालकाचं घर गहाण टाकून कशाला?

चार दिवसांनी पुन्हा फोन. आवाज जरा दुखावलेला.

"मामा, ते लोक आपलेच कागद मागतायत. व्यापार परवाना, बँकेचं पत्र, आधी कुणाकुणाला पैसे दिलेत त्यांचे नंबर. बाकीचे पैसे आम्ही देऊ कशावरून, म्हणतात."

"मग?"

"मग काय... साहेब म्हणतात, एवढी वर्षं धंदा करतोय, आम्हाला कोण विचारणार?"

मी त्याला परवान्याची प्रत आजच पाठवायला सांगितली.