तासांचा हिशेब आणि शिक्षकाचा प्रश्न

प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० साली व्यक्त केली, आणि हे शिक्षण ज्याच्या त्याच्या अभिरुचीनुसार घडावे असेही तेथेच नमूद केले. परंतु परिपत्रकांच्या प्रवासात तासांचा आकडा तेवढा तालुक्यापर्यंत पोहोचला आणि अभिरुची वाटेतच गळाली. परिणामी प्रशिक्षणाची चित्रफीत मोबाइलवर चालू ठेवून शिक्षक वह्या तपासतो, अखेरची प्रश्नावली उरकतो आणि प्रमाणपत्र आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या व्हॉट्सअॅप गटावर पाठवून मोकळा होतो. त्याला दोष देण्यास मन धजत नाही. ज्याची अडचण कोणी विचारलीच नाही, त्याने परक्या उत्तरात रस घ्यावा, ही अपेक्षाच अन्याय्य आहे.

ही अवस्था कशी आली, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८५४ चा वुडचा खलिता, नॉर्मल स्कुले म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या शाळा, १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी प्रशिक्षित व पुरेशा वेतनाच्या शिक्षकांसाठी धरलेला आग्रह, हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्या काळी प्रशिक्षण म्हणजे प्रामुख्याने नोकरीची पूर्वतयारी. पुढे शिक्षकाच्या वाट्याला येई ती मुख्यतः तपासणी.

खरे वळण आले ते कोठारी आयोगाच्या १९६६ च्या अहवालाने, आणि नेमके तेच आपण चुकीचे वाचत आलो. सेवेच्या दर पाच वर्षांत दोन-तीन महिने सेवांतर्गत शिक्षण मिळावे, ही शिफारस सर्वांच्या स्मरणात राहिली, कारण तिची कोष्टके मांडता येतात. परंतु ज्या आयोगाचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते, त्याच आयोगाने शाळा-संकुलाचीही कल्पना मांडली होती: एक माध्यमिक शाळा आणि भोवतालच्या प्राथमिक शाळा यांनी एकत्र येऊन परस्परांचे एकाकीपण संपवावे, साधने वाटून घ्यावीत, अध्यापनाचे प्रयोग करावेत. ही कल्पना सोबत धरून वाचले म्हणजे ध्यानात येते की ते दोन-तीन महिने पूरक होते. शिक्षकाच्या विकासाचे मूळ स्थान त्याच्या शेजारच्या शाळेत, सहव्यवसायी बांधवांच्या सहवासात होते. मुदतीची शिफारस दप्तरात राहिली. संकुलाची अंमलबजावणी झालीच नाही, हे २०२० च्या धोरणानेही मान्य केले आहे.

१९८६ नंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या. हेतू विकेंद्रीकरणाचा होता, तो स्तुत्यच. पण सामूहिक प्रशिक्षणांच्या उतरंडीत राज्याचा तज्ज्ञ जिल्ह्याला, जिल्हा तालुक्याला आणि तालुका शिक्षकाला सांगू लागला, आणि खालून वर जाणारा प्रश्न उरला नाही.

तो प्रश्न कसा असतो? ५२ मधून २७ वजा करताना एखादे मूल ३५ लिहिते. ते निष्काळजी नसते. प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करण्याचा स्वतःचा नियम ते निष्ठेने पाळत असते. त्याला हातच्याची रीत पुन्हा घोकवावी, की काड्यांचे गठ्ठे सोडवून दाखवावेत? दोन शिक्षकी शाळेतील गुरुजींना हे विचारायचे असते, आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत त्यांच्याकडे माहितीचे प्रपत्र मागितले जाते.

केंद्रप्रमुखांना माझी कळकळीची विनंती आहे: पुढील परिषदेची विषयपत्रिका शिक्षकांकडून मागवा, प्रत्येकाला वर्गातील एक वही सोबत आणायला सांगा, आणि त्या वह्यांवर झालेली चर्चा ५० तासांत धरा.