कोपरीचा बंब

पावसाळा तोंडावर आला, की कोपरीच्या गल्ल्यांत फांद्यांची छाटणी सुरू होते. ढीग पदपथावर पडून राहतात आणि एखाद्या पहाटे त्यांतून धूर निघू लागतो. गेल्या वर्षी आमच्या इमारतीमागे असाच ढीग पेटला. तळमजल्यावरच्या आजींना दमा आहे. खिडक्या लावून, नाकाला ओला पदर धरून त्या बसल्या होत्या. त्याच वेळी वरच्या मजल्यांवर घरोघरी गिझर चालू होते. खाली उष्णता फुकट जात होती, वर ती विकत घेतली जात होती. हे आपल्याला खुपत कसं नाही?

आपल्या आज्यांना ते नक्की खुपलं असतं. त्यांच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब असे. मधल्या नळीत करवंट्या, काटक्या, सुताराकडच्या ढलप्या, भोवती पाणी. विस्तव पाण्याच्या मधोमध कोंडलेला, म्हणून थोडक्या जळणात घरभराच्या आंघोळी उरकत. स्वीडनमधल्या वेक्श्यो गावानं १९८० मध्ये हेच गावासाठी केलं. लाकडाच्या टाकाऊ तुकड्यांवर एक मोठा बॉयलर पेटवला आणि जमिनीखालच्या नळांतून त्याची उष्णता घराघरांत पोचवली.

कोपरीला घरं तापवायची नाहीत. पण रुग्णालयाला, वसतिगृहाला रोज कढत पाणी लागतं. वाळलेल्या किलोभर लाकडात साधारण ४,००० किलोकॅलरी उष्णता असते. शंभर लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला ३,००० पुरतात. निम्मी उष्णता वाया गेली, तरी दीड किलो लाकडात पाच जणांच्या आंघोळी होतात.

लाकूड जाळलं की धूर होणारच, ही शंका रास्त आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बेकऱ्यांच्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या बदलायला सांगितलं, ते उगाच नव्हे. म्हणूनच घरोघरी चुली नकोत. वाळवून बारीक केलेल्या फांद्या, धूर गाळणारी यंत्रणा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीचा एकच बंदिस्त बॉयलर हवा. प्लायवूड आणि रंगवलेली दारं त्यात कधीच जाता कामा नयेत. त्यांचा धूर विषारी. पाला खताला, फांद्या जळणाला, आणि उभ्या झाडाला हात नाही.

बागेचा कचरा वेगळा ठेवण्याची जबाबदारी २०१६ च्या घनकचरा नियमांनी आपल्यावरच टाकली. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला राष्ट्रीय हरित लवादानं त्याच वर्षी ५,००० रुपये दंड ठरवला. पण नुसत्या दंडाच्या धाकानं धूर गल्ली बदलतो, थांबत नाही. तो थांबवायला शेजाऱ्याचा श्वास आपला वाटावा लागतो.

म्हणून येत्या छाटणीआधी प्रत्येक सोसायटीनं सभेत ठरवावं: आवारात कुणी काडी लावणार नाही, फांद्या पाल्यापासून वेगळ्या आणि कोरड्या ठेवल्या जातील. मग सगळ्यांनी मिळून महापालिकेकडे निदान एका रुग्णालयापुरता बंब मागावा. आपल्या ढिगाचा धूर आजींच्या छातीत गेला. त्याच फांद्यांची ऊब यंदा एखाद्या बाळंतिणीच्या आंघोळीच्या पाण्यात उतरू दे.