शाळेसाठी घर घेताना

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळची मिस्सा आटोपून घरी आलो, तोच अमेरिकेहून भाच्याचा फोन आला. तो टेक्सास राज्यातील सॅन अँटोनिओ शहरात नोकरीला आहे. त्याच्याकडे अजून शनिवारची रात्र होती. मुले झोपली होती आणि दोघे नवरा-बायको घरांची माहितीपत्रके समोर पसरून बसली होती. "मामा, आमचे दोघांचे काही जमत नाही. तुम्हीच सांगा," तो म्हणाला.

वाद वरवर घराचा होता, पण खरा शाळेचा होता. थोरली मुलगी येत्या ऑगस्टमध्ये पहिलीत जाईल. त्यांच्या ऐपतीत दोन घरे बसत होती. पहिले शहराच्या उत्तरेकडील उपनगरात. घर लहान आणि जुने, कर्जाचा हप्ता जड, कामावर जाण्यायेण्यात रोज दीड तास जाणार. पण तिथल्या शाळेला दहापैकी नऊ गुण. दुसरे घर ऐसपैस, कामाच्या जवळ, हप्ता झेपेल असा. पण शाळेला दहापैकी पाच.

भाचेसून म्हणाली, "मामा, आम्ही वसई सोडून इतक्या दूर आलो ते मुलांसाठीच ना? मग नेमकी शाळेतच काटकसर करायची?" भाचा म्हणाला, "हप्ते फेडण्यासाठी दोघेही रात्री आठला घरी पोहोचलो, तर मुलांजवळ बसणार कोण?"

दोघांचेही खरे होते. आपल्या धर्मग्रामातील अनेक घरांतील मुलेमुली आज परदेशी आहेत आणि असे फोन इतरांनाही येत असतील. म्हणून त्या दिवसापासून मनात जे घोळत राहिले, ते आपल्यापुढे मांडतो.

तिकडची रीत

अमेरिकेत सरकारी शाळा 'स्कूल डिस्ट्रिक्ट'च्या ताब्यात असतात. हा आपल्यासारखा महसुली जिल्हा नव्हे. देशात असे सुमारे १३,००० शाळा-जिल्हे आहेत. एकट्या सॅन अँटोनिओच्या परिसरातच डझनाहून अधिक. प्रत्येकाचे मंडळ वेगळे, कर वेगळा. खर्चाचा मोठा भाग त्या हद्दीतील घरांवर व जमिनींवर बसवलेल्या करातून येतो, बराचसा राज्याकडून आणि थोडा केंद्राकडून. शिक्षण मोफत असते, पण साधारणपणे तुम्ही ज्या हद्दीत राहता तिथल्या शाळेत. त्यामुळे घर विकत घेताना माणूस शाळाही विकत घेत असतो. घरांच्या जाहिरातीतच जवळच्या शाळेचे दहापैकी गुण छापलेले असतात.

ही हद्द किती पक्की असते? ओहायो राज्यातील एका आईने आपल्या वडिलांचा पत्ता दाखवून मुलींना शेजारच्या हद्दीतील शाळेत घातले, म्हणून २०११ साली तिला नऊ दिवस तुरुंगात काढावे लागले. पुढे राज्यपालांनी तिच्या गुन्ह्याचे स्वरूप सौम्य केले.

कोणी विचारील, मग कॅथोलिक शाळा का नाही? आपल्याकडे अनुदानित शाळेतील शिक्षकांचा पगार सरकार देते. तिकडे कॅथोलिक शाळा मुख्यतः पालकांच्या फीवर चालतात. टेक्सासने २०२५ साली खासगी शाळांच्या फीसाठी सरकारी मदतीचा कायदा केला खरा, पण दोन मुलांच्या फीचा हिशेब घालून माझ्या भाच्याने तो विचार तूर्त बाजूला ठेवला होता.

आपल्या मुलाचे हित पाहणे हा स्वार्थ आहे काय?

नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात आईवडिलांना मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक मानले आहे. ज्याला आपल्या लेकराची काळजी नाही, तो जगाची काळजी करतो असे म्हणाला तर त्यावर विश्वास कसा ठेवावा? भाचेसुनेने सांगितले, "समाज सुधारण्यासाठी मी माझ्या मुलीवर प्रयोग करणार नाही." तिचे हे म्हणणे मला खोडून काढता आले नाही आणि खोडायचेही नव्हते.

पण आपण मुलाचे हित पाहतो आहोत की केवळ एक आकडा, हे तपासणे हेही त्याच कर्तव्यात येते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील शॉन रिअर्डन यांनी देशभरातील तिसरी ते आठवीच्या मुलांच्या कोट्यवधी परीक्षांचे निकाल तपासले. मुलांचे सरासरी गुण त्यांच्या घरच्या सुस्थितीशी घट्ट बांधलेले त्यांना आढळले. मात्र मुले दरवर्षी किती पुढे सरकतात, याचा सुस्थितीशी फारसा संबंध दिसला नाही. ज्या शिकागो शहरातील शाळांना नावे ठेवली जात, तिथली मुले २००९ ते २०१४ या काळात पाच वर्षांत सुमारे सहा वर्षांचा अभ्यास पुढे सरकली होती.

आपल्या वाडीच्या भाषेत सांगायचे तर, सरासरी गुण म्हणजे रोप वाडीत आले तेव्हा केवढे होते याची बरीचशी नोंद. वाडीत आल्यावर ते किती वाढले, हे त्यावरून कळत नाही. नऊ गुणांची शाळा वाईट असते असे नाही. पण ज्या घरात पुस्तके आहेत आणि मुलांशी बोलायला आईवडिलांना वेळ आहे, तिथल्या मुलीसाठी नऊ आणि पाच यांतील अंतर कागदावर दिसते त्याहून कमी असू शकते. आणि तो वेळच हप्त्यात गेला, तर तिच्या हातून किती जाईल, याचा आकडा कोणत्याही जाहिरातीत छापलेला नसतो.

रांगेतील जागेची किंमत

दुसरी एक गोष्ट. सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९९९ साली बोस्टनच्या उपनगरांतील घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शाळेच्या हद्दीच्या अल्याड आणि पल्याड, अगदी जवळजवळची घरे त्यांनी ताडून पाहिली. शाळेतील गुण पाच टक्के जास्त असले, तर पालक घरासाठी सुमारे अडीच टक्के जास्त मोजत होते. हा जादा पैसा जातो कुठे? शाळेला त्यातून एक बाकही मिळत नाही. तो घर विकणाऱ्याच्या खिशात जातो. म्हणजे आईवडील वीस-तीस वर्षे जे फेडतात, त्यातील काही भाग ही शिक्षणाची किंमत नसून रांगेत पुढे उभे राहण्याची किंमत असते. आणि रांगेत कोणी पुढे गेला की कोणीतरी मागे राहतोच.

हद्दीपलीकडची मुले

मागे राहणाऱ्यांची गोष्ट याच सॅन अँटोनिओ शहरात घडली आहे. शहराच्या पश्चिमेला एजवूड हा गरीब, बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या लोकांचा शाळा-जिल्हा. त्याच शहराच्या परिसरात अलामो हाइट्स हा श्रीमंतांचा. मे १९६८ मध्ये एजवूड हायस्कूलचे विद्यार्थी शाळेच्या दुरवस्थेविरुद्ध वर्गाबाहेर पडले. त्याच उन्हाळ्यात पालक न्यायालयात गेले. त्यांतील पहिले नाव होते डिमेट्रिओ रॉड्रिगेज. आडनाव आपल्या कानाला ओळखीचे. माणूस हवाई दलाच्या तळावर पत्र्याचे काम करणारा.

न्यायालयापुढे १९६७-६८ चे आकडे आले. एजवूडच्या लोकांनी आपल्या घरांवर शंभर डॉलरमागे १.०५ डॉलर कर बसवला होता, अलामो हाइट्सने ०.८५ डॉलर. तरीही राज्याची व केंद्राची मदत धरून एजवूडमध्ये एका मुलामागे ३५६ डॉलर मिळत आणि अलामो हाइट्समध्ये ५९४. गरिबांनी जास्त दराने कर भरला आणि त्यांच्या मुलांना कमी मिळाले, कारण त्यांची घरेच स्वस्त होती. १९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी पालकांच्या विरोधात निकाल दिला. पुढे एजवूडने राज्याच्या न्यायालयात दाद मागितली. १९८९ साली टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ही पद्धत राज्यघटनेविरुद्ध ठरवली आणि १९९३ मध्ये श्रीमंत जिल्ह्यांच्या कराचा काही भाग इतरांना देण्याचा कायदा झाला. पहिल्या खटल्यापासून पंचवीस वर्षे लोटली होती. १९६८ साली जी मुले पहिलीत होती, ती तोवर स्वतः आईबाप झाली असतील.

हे सारे ऐकून भाचा म्हणाला, "पण मामा, त्यात माझा काय दोष? ती हद्द मी थोडीच आखली?"

त्याचा दोष नाहीच. पण दोष नसला म्हणजे नातेही नाही, असे म्हणता येईल का? घर निवडताना आपण शेजारी निवडतो आणि कोण शेजारी नको तेही ठरवतो. दयाळू शोमरोन्याची गोष्ट आपण दरवेळी ऐकतो. शास्त्र्याला शेजारपणाची हद्द आखून हवी होती. येशूने हद्द सांगितली नाही. वाटेत पडलेल्या माणसाशी शेजाऱ्यासारखे कोण वागले, एवढेच विचारले.

म्हणून मला वाटते, चांगल्या शाळेच्या हद्दीत घर घेणे हे पाप नाही. पाप सुरू होते ते नंतर. आपण आत आलो की मागचे दार ओढून घेतो. आपल्या भागात कमी भाड्याच्या इमारती नकोत म्हणून सभेत हात वर करतो, पलीकडच्या शाळेला पैसे द्यायची वेळ आली की कुरकुर करतो आणि तिथल्या मुलांविषयी 'तसलीच ती' असे बोलू लागतो. आपली मुले हे ऐकत असतात. हा धडा त्यांना शाळेत नव्हे, घरी मिळतो.

मी काय सांगितले

मी त्यांना कोणते घर घ्या हे सांगितले नाही. तीन गोष्टी सांगितल्या. आकडा बाजूला ठेवून दोन्ही शाळांत स्वतः जा. शिक्षक किती वर्षे टिकतात, वाचनात मागे पडलेल्या मुलासाठी काय करतात, मुले वर्षभरात किती पुढे जातात, हे विचारा. हप्ता ठरवताना दोघांपैकी एकाचाच पगार धरून पाहा. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नसला तरी घरावरचा कर भारी असतो, तोही त्यात मिळवा. आणि जिथे राहाल, तिथल्या शाळेला केवळ आपल्या मुलीची नव्हे, सर्वांची शाळा माना.

तीन आठवड्यांनी पुन्हा फोन आला. या वेळी भाचेसून बोलत होती. पाच गुणांच्या शाळेत ती तासभर बसून आली होती. मुख्याध्यापिका बाईंनी तिच्यापुढे काही लपवले नाही. गणितात मुले कमी पडतात हेही सांगितले. त्यांनी दुसरे घर घेतले. "पण मामा, माझी अट आहे," ती म्हणाली. "दोन वर्षांत मुलगी वाचनात मागे पडली, तर मी पुन्हा विचार करणार." मी म्हटले, "जरूर कर. तो तुझा हक्क आहे."

भाचा शाळा-मंडळाच्या सभेला जाऊन बसणार आहे. नागरिकत्व नसल्याने त्याला मत देता येत नाही, पण सभेला बसायला कोणाला बंदी नाही.

फोन ठेवल्यावर मला आपल्या गावातील मराठी शाळा आठवली. एके काळी पाटलाचे पोर आणि मजुराचे पोर तिथे एका बाकावर बसत. ऐपत असलेले आपण एकेक करून तिथून मुले काढली. प्रत्येकाचे कारण योग्यच होते, माझेही होते. पण मुले काढल्यावर त्या शाळेचे छप्पर गळते का, हे पाहायला आपल्यापैकी कितीजण पुन्हा गेलो? तिथे आजही काही मुले शिकत आहेत. तीही आपलीच आहेत.