हो म्हणायला शिकवणारं वर्ष

दरवर्षी १८ ते २४ नोव्हेंबर प्रतिजैविकांबद्दलच्या जनजागृतीचा आठवडा असतो. बॅनर लागतात, शपथा होतात आणि व्यासपीठावरून एक वाक्य हमखास ऐकू येतं: रुग्णालयातल्या फार्मासिस्टला या लढाईत उतरवा. या वाक्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते पुढच्या वाक्याशी. उतरवायचं कसं, तर दोन दिवसांची कार्यशाळा, एक प्रमाणपत्र आणि हातात एक फॉर्म.

इतिहास उगाळत बसत नाही. १९५४ साली पिंपरीत पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला तेव्हा ते मिरवण्याचं औषध होतं. प्रतिजैविकं निकामी करणाऱ्या, जंतूंमधल्या एका विकराच्या नावात दिल्ली आली, तेव्हा २०१० साली आपण जंतू सोडून नावावरच भांडलो. २०१४ पासून निवडक औषधांच्या विक्रीची नोंद सक्तीची करणारी एच-१ अनुसूची लागू झाली आणि केमिस्टच्या गल्ल्यापाशी एक वही वाढली. या प्रवासात एक समजूत मात्र घट्ट रुजली की आपलं दुखणं 'जास्त'चं आहे. जास्त लिहिलं जातं, जास्त विकलं जातं, जास्त गिळलं जातं. खरंच आहे ते. पण फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल व्याख्यानात ज्याची धास्ती बोलून दाखवली होती, तो माणूस पेनिसिलिन कमी घेणारा होता. जंतू मरणार नाहीत, फक्त शहाणे होतील एवढंच घेणारा. त्याला आपण विसरलो.

आता मुख्य प्रतिपक्ष. जाणकारांच्या बैठकीत संसर्गरोगांसाठी फार्मासिस्टची वेगळी रेसिडेन्सी, म्हणजे अनुभवी माणसाच्या हाताखाली वॉर्डात शिकण्याचं वर्ष, हवी असं मी म्हटलं की कुणीतरी दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण पुढे करतं. उदाहरण वजनदार आहे. तिथल्या ४७ खासगी रुग्णालयांमध्ये, संसर्गरोगांचं कोणतंही खास शिक्षण नसलेल्या फार्मासिस्टनी प्रतिजैविकांचा वापर दर १०० रुग्णदिवसांमागे १०१.३८ प्रमाणित मात्रांवरून ८३.०४ वर आणला. २०१६ साली हा अभ्यास 'लॅन्सेट'च्या संसर्गरोगांच्या नियतकालिकात आला आणि तेव्हापासून तो आमच्या तोंडावर फेकला जातो. बघा, विशेषज्ञ लागत नाही!

मी तो अभ्यास अनेकदा वाचलाय आणि मला तो आवडतो. पण त्या फार्मासिस्टना बघायचं काय होतं? औषध सुरू करण्याआधी कल्चर पाठवलं नाही का, सात दिवसांच्या पुढे चाललंय का, चौदाच्या पुढे चाललंय का, एकाच वेळी चाराहून जास्त प्रतिजैविकं आहेत का, एकाच जंतूवर दोन-दोन औषधं आहेत का. पाच प्रश्न, आणि पाचही केसपेपर व औषधांचा तक्ता चाळून सुटणारे. पहिला सोडला तर बाकी चारांचं खरं उत्तर एकच निघतं: थांबवा. ज्या झाडाला कुणी हातच लावलेला नाही त्याची खालची फळं पहिल्या वर्षी कुणीही तोडेल. तोडावीतच. पण त्यावरून झाडावर चढायला शिकण्याची गरज नाही असं कसं ठरतं? आणि यश मोजलं कशात, तर किती कमी झालं यात. जिथे मोजमापच घटीचं आहे, तिथे वाढ सुचवणाऱ्या माणसाची गरज आकड्यात दिसणार तरी कशी? आधी चाळणी निवडायची, मग त्यातून जे गळलं ते अस्तित्वातच नव्हतं म्हणायचं!

(संगणक हे काम करेल म्हणणाऱ्यांना एवढंच, की आयसीयूतला संगणक दिवसभर केकाटतो आणि सगळे त्याला गप्प करतात. आणि 'औषधवाला आम्हाला शिकवणार का' म्हणणाऱ्या डॉक्टरांशी वाद घालण्याइतकं माझं वय आता उरलेलं नाही.)

आमच्या विद्यार्थ्यांना मी ज्या रुग्णालयात घेऊन जातो, तिथली गोष्ट. अपघातात सापडलेला बाविशीतला मुलगा, आयसीयूत. रक्तात मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस. व्हँकोमायसिन एक ग्रॅम, दर बारा तासांनी. फार्म.डी.च्या इंटर्न मुलीने फॉर्म भरला: मूत्रपिंडानुसार मात्रा योग्य, बरोबरची खूण. क्रिएटिनिन ०.५, म्हणजे मूत्रपिंड ठणठणीत. त्या खुणेखाली सही माझी होती.

तिसऱ्या दिवशीही ताप होता आणि कल्चरमध्ये जंतू वाढतच होता. योगायोगाने आमची एक जुनी विद्यार्थिनी अमेरिकेहून सुट्टीवर आली होती, केसच्या चर्चेला येऊन बसली. तिने कागद पाहिला आणि विचारलं, "सर, क्रिएटिनिन इतकं छान का आहे?"

वाईट आकड्याला सगळेच घाबरतात. चांगल्या आकड्याचा संशय यायला वेगळी तालीम लागते. तरुण, जखमी, तापलेलं शरीर, भरपूर सलाईन. अशा वेळी मूत्रपिंड गरजेपेक्षा जोरात धावतं आणि औषध बाहेर फेकून देतं. रक्तातली पातळी तपासली तर पुढच्या डोसच्या आधी जेमतेम ५. युनिटच्या डॉक्टरांनी मात्रा दर आठ तासांनी सव्वा ग्रॅम केली. मुलगा पुढे बरा झाला. तेवढ्यानेच झाला असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

ही जुनी विद्यार्थिनी आमच्यापेक्षा हुशार होती म्हणून तिला दिसलं असं नाही. फार्म.डी.नंतर तिने एक वर्ष सर्वसाधारण रेसिडेन्सी केली आणि दुसरं वर्ष फक्त संसर्गरोगांचं. सकाळी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत प्लेटा वाचायच्या, मग राउंड, मग एचआयव्हीचं क्लिनिक नाहीतर अवयव प्रत्यारोपणाचे रुग्ण. तिथे शिकवणाऱ्याच्या चार पायऱ्या ठरलेल्या असतात: सांगणं, करून दाखवणं, शिकणारा करत असताना शेजारी उभं राहणं, आणि मग बाजूला होणं. आमच्याकडे २००८ पासून सहा वर्षांचा फार्म.डी. आहे, त्यात एक वर्ष इंटर्नशिपचं. आमचा गाडा दुसऱ्या पायरीवर थांबतो. मुलं राउंडच्या शेपटीला उभी राहतात, वह्या भरतात आणि पास झाल्यावर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीत नाहीतर मेडिकल कोडिंगला जातात. त्यांना दोष कोण देणार?

अमेरिकेतल्या रेसिडेन्सीला स्वस्त मजुरी म्हणतात, ते अगदी खोटं नाही. इथे असं वर्ष सुरू केलं तर विद्यावेतन कोण देणार, शिकवणार कोण, हेही मला माहीत आहे. दक्षिण आफ्रिकेचा मार्ग उद्याच सुरू करता येतो, माझा येत नाही, हेही मान्य. तरीही थांबवणारा फार्मासिस्ट आणि वाढवा म्हणू शकणारा फार्मासिस्ट हे एकाच माणसाचे कच्चे-पक्के नमुने आहेत असं मला वाटत नाही. ती दोन वेगळी माणसं आहेत. पहिल्याचं चुकलं तर बहुधा डॉक्टर 'नाही' म्हणून सोडून देतात. दुसऱ्याचं चुकलं तर रुग्णाचं मूत्रपिंड जातं. म्हणून पहिल्याला नियम पुरतो. दुसऱ्याने मात्र चुकण्याची भीती कुणाच्या तरी शेजारी उभं राहून, रात्री-बेरात्री, अंगावर घेतलेली असावी लागते. कार्यशाळेत ती वाटता येत नाही. आणि हा दुसरा माणूस नसेल तर पहिलाही फार दिवस टिकत नाही. जो कायम 'बंद करा' एवढंच सांगतो, त्याचा फोन महिन्याभरात कुणी उचलत नाही. औषध खात्याचा हिशेबनीस म्हणून त्याची रवानगी होते.

त्या दिवशी मात्रा वाढल्यावर इंटर्न मुलगी फॉर्म घेऊन माझ्याकडे आली. फॉर्मवर रकाने होते: औषध बंद केले, मात्रा कमी केली, शिरेतून तोंडावाटे केले, इतर. तिने विचारलं, "सर, हे कुठे लिहू?" 'इतर'मध्ये लिही, मी म्हटलं.