विश्वासाचे भांडवल

स्वबळावर उभ्या राहिलेल्या उद्योजकांच्या चरित्रांत जिद्द आणि कष्ट यांना मोठे स्थान मिळते. मात्र ज्याच्याकडे पैसा नाही त्याने लोकांचा विश्वास कसा संपादन केला आणि तोच पुढे भांडवलाचे काम कसा करू लागला, याचा विचार क्वचितच होतो. अमेरिकन उद्योजिका बार्बरा कॉर्कोरन यांचे आयुष्य या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

1949 मध्ये न्यू जर्सी राज्यातील एजवॉटर येथे, दहा मुलांच्या कुटुंबात जन्मलेल्या कॉर्कोरन यांना डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धीत उणेपणा नसतानाही वाचन-लेखनात येणारी अडचण होती, आणि त्यामुळे शाळेत त्या मागे पडल्या. पुढे उपाहारगृहात वाढण्याचे काम करणाऱ्या या तरुणीने 1973 मध्ये मित्राकडून 1,000 डॉलर कर्जाऊ घेऊन, त्याच्याच भागीदारीत न्यूयॉर्कमध्ये घरांच्या दलालीचा व्यवसाय सुरू केला. बँकेऐवजी मित्राकडून आलेले हे भांडवल त्या काळाशी सुसंगतच होते. कारण कर्ज देताना स्त्री-पुरुष किंवा विवाहित-अविवाहित असा भेद करण्यास मनाई करणारा अमेरिकेतील संघीय कायदा 1974 मध्ये झाला, आणि व्यवसायासाठी कर्ज घेणाऱ्या स्त्रीकडून पुरुष नातेवाइकाची सही मागण्याची मुभा देणारे राज्यांचे नियम तर 1988 पर्यंत टिकून होते.

भागीदारी मोडल्यावर कॉर्कोरन यांनी ‘द कॉर्कोरन ग्रुप’ ही स्वतःची कंपनी उभारली आणि घरांच्या किमतींचा कल सांगणारा ‘कॉर्कोरन रिपोर्ट’ प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. कंपनीच्या मोजक्या व्यवहारांवरून काढलेली सरासरी साऱ्या शहराचे चित्र दाखवू शकत नाही, ही त्या अहवालाची मर्यादा होतीच. तरीही दलालांपुरते राहणारे ज्ञान सर्वांसमोर मांडले गेल्याने वृत्तपत्रे त्यांच्या आकड्यांचा आधार घेऊ लागली आणि छोट्या कंपनीला अधिकारवाणी लाभली. 2001 मध्ये ही कंपनी सुमारे 6 कोटी 60 लाख डॉलरना विकली गेली.

2009 पासून ‘शार्क टँक’ या कार्यक्रमात, म्हणजे नवउद्योजक कंपनीतील हिस्सा देऊ करून गुंतवणूक मागतात अशा मंचावर, त्यांचा हाच अधिकार घरोघरी पोहोचला. मात्र पडद्यावर दिसतो तो काही मिनिटांत घेतलेला निर्णय. त्यामागील अनेक वर्षांची जाण दिसत नाही, आणि चित्रीकरणानंतरच्या हिशेब-तपासणीत काही करार बारगळतात, हेही प्रेक्षकांच्या सहसा ध्यानात येत नाही. दूरचित्रवाणीला एका व्यक्तीची जिद्द रंगवणे सोपे जाते, पण तिच्या वाटेतील अडथळे कोणी उभे केले आणि ते कसे दूर झाले, हे सांगण्यास तेथे अवकाश नसतो. कॉर्कोरन यांनी पैशाची उणीव विश्वासाने भरून काढली, हे त्यांचे निर्विवाद कर्तृत्व आहे. परंतु असे असाधारण सामर्थ्य प्रत्येकीकडे असेल, अशी अपेक्षा न्याय्य समाजाने ठेवू नये. सामान्य कुवतीच्या स्त्रीलाही केवळ आपल्या व्यवसायाच्या गुणवत्तेवर कर्ज मिळावे, यासाठी कायद्याची आणि त्याच्या प्रामाणिक अंमलबजावणीची गरज कायम राहते.