डोंगर कुणाचे, खिडक्या कुणाच्या

कॅनडातल्या बॅन्फ स्प्रिंग्ज हॉटेलची एक गोष्ट तिथे हमखास सांगितली जाते. १८८७च्या सुमारास रॉकी पर्वतात या लाकडी हॉटेलचे काम चालू होते. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचे कर्तेधर्ते विल्यम व्हॅन हॉर्न पाहणीला आले आणि भडकले. इमारत उलटी बांधली गेली होती. बो नदीच्या खोऱ्याकडे तोंड मुदपाकखान्याचे, आणि पाहुण्यांच्या खोल्यांसमोर मागची झाडी. व्हॅन हॉर्ननी उभ्या उभ्या कागदावर एका गोल सज्जाचे चित्र काढून दिले आणि पाहुण्यांना दृश्य मिळवून दिले. म्हणजे पृथ्वीवरच्या अव्वल देखाव्यांपैकी एक देखावा निदान कागदोपत्री तरी काही दिवस भांडी घासणाऱ्यांच्या नावावर होता. एवढी समाजवादी चूक आलिशान हॉटेलांच्या इतिहासात पुन्हा झाली नसावी.

हॉटेल रेल्वेने बांधले, यामागचे कारण साधे व्यापारी होते. नोव्हेंबर १८८५मध्ये देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रूळ जोडले गेले. मार्ग प्रचंड, वस्ती विरळ, कंपनीवर कर्ज. डोंगरातल्या चढावर जेवणाचा जड डबा ओढणे परवडेना, म्हणून फील्ड, ग्लेशियर, नॉर्थ बेंड अशा थांब्यांवर जेवणघरे उभारली गेली. तिथे लोक जेवायला उतरले आणि डोंगराकडे बघत रेंगाळले. गाडीच्या रिकाम्या जागा भरायच्या असतील तर हे रेंगाळणेच विकले पाहिजे, हे व्हॅन हॉर्नच्या लगेच लक्षात आले. १८८८मध्ये बॅन्फ स्प्रिंग्ज उघडले, १८९०मध्ये लेक लुईझच्या काठावर पहिले लाकडी घर आले, १८९३मध्ये क्वेबेक शहरात शातो फ्रोंतनाक उभे राहिले. आज कॅनडाच्या कॅलेंडरांवर दिसणारे किल्लेवजा वाडे ते हेच, किंवा त्यांच्या जागी नंतर बांधलेले.

पण तो डोंगर रिकामा नव्हता. बॅन्फचे गरम पाण्याचे झरे १८८३मध्ये रेल्वे कामगारांनी ‘शोधले’ असे लिहिले जाते. स्टोनी नाकोडा आणि आसपासच्या इतर आदिवासींना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. लेक लुईझचेही तेच. १८८२मध्ये टॉम विल्सन या वाटाड्याला तिथे एका नाकोडा माणसाने नेले. त्यांच्या भाषेत ते लहान माशांचे सरोवर होते, पुढे नकाशावर व्हिक्टोरिया राणीच्या मुलीचे नाव चढले. १८८५मध्ये झऱ्यांभोवतीची जमीन राखीव झाली, १८८७मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, आणि हळूहळू नाकोडांची शिकार व वावर त्या हद्दीतून हटवला गेला. पाहुण्याला निसर्ग अस्पर्श दिसायला हवा होता. खांद्यावर हरीण टाकून निघालेला माणूस त्या चित्रात बसत नव्हता.

पुढचा भाग मात्र हॉटेलशास्त्राच्या दृष्टीने विलक्षण आहे. एकदा पावसाने दरड कोसळून रूळ बंद पडले आणि पाहुणे हॉटेलात अडकले. डोंगर तरी किती वेळ बघणार? ते कंटाळले. तेव्हा याच टॉम विल्सनला मॉर्लीच्या नाकोडा वस्तीवर पाठवून लोकांना घोडे, तंबू, पिसांचे शिरपेच घेऊन बोलावण्यात आले. शर्यती झाल्या, नाच झाले, पाहुणे खूश. यातून ‘बॅन्फ इंडियन डेज’ हा उत्सव निघाला आणि विसाव्या शतकाच्या आठव्या दशकापर्यंत चालला. ज्यांना शिकारीसाठी यायला बंदी होती त्यांना करमणुकीसाठी निमंत्रण होते. यात नाकोडा केवळ बाहुले होते असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय ठरेल. एरवी सरकार ज्या नाचांवर आणि जमण्यावर डोळे वटारत होते, ते या निमित्ताने उघडपणे करता येत होते, आणि अनेक कुटुंबे त्या तंबूंच्या दिवसांची वाट बघत. पण ते कधी यायचे, कुठे उभे राहायचे आणि कधी परतायचे, हे हॉटेलच्या हंगामावर ठरे.

स्वित्झर्लंडहून आणलेल्या गिर्यारोहक वाटाड्यांना त्या मानाने बरी वागणूक मिळाली. तरी त्यांच्यासाठी १९१२मध्ये गोल्डन गावाजवळ बांधलेली ‘एडलवाइस’ ही वसाहत गाडीच्या खिडकीतून नीट दिसेल अशा उतारावर होती. घरे राहणाऱ्यांपेक्षा बघणाऱ्यांच्या सोयीची.

आलिशान हॉटेलाच्या जाहिरातीत आज खोलीपेक्षा ‘अविस्मरणीय अनुभव’ मोठ्या अक्षरांत असतो. चादर किती तलम, हे कुणी वर्षभराने सांगत नाही. सांगतात ते वेगळेच: पहाटे दिसलेले सरोवर, नावाने हाक मारणारा वेटर, भेटलेला एखादा म्हातारा कोळी. माझे म्हणणे असे की, जे लक्षात राहते ते जवळपास नेहमीच हॉटेलने निर्माण न केलेले असते. डोंगर आधीपासून होता. म्हाताऱ्याचे आयुष्य त्याचे होते. हॉटेल फक्त त्याच्याभोवती भिंत, छप्पर आणि दर उभा करते. हे काम कमी प्रतीचे नाही. पण माल दुसऱ्याचा असेल, तर त्या दुसऱ्याला काय परत मिळाले, हा हिशेब विचारायला हवा. माँट्रियलच्या क्वीन एलिझाबेथ हॉटेलात १९६९मध्ये जॉन लेनन आणि योको ओनो गादीवर बसून शांततेचे आंदोलन करत होते. तेव्हापासून १७४२ क्रमांकाची ती खोली हॉटेलचे भांडवल झाली. युद्धविरोधाचीही खोली भाड्याने जाते!

कुणी म्हणेल, डोंगर आणि इतिहास बाहेरचे असतील, पण सेवा तरी हॉटेलची स्वतःची असते ना? या प्रश्नाचे उत्तरही कॅनडातच शोधता येते. १९६१मध्ये टोरांटोच्या जार्व्हिस स्ट्रीटवर, त्या काळी फारशा प्रतिष्ठित नसलेल्या वस्तीत, इझाडोर शार्प यांनी एक मोटेल उघडले. पोलंडहून आलेल्या ज्यू बांधकाम करणाऱ्याचा हा मुलगा. हॉटेलचा धंदा त्यांना ठाऊक नव्हता. त्यातून जगभर पसरलेली ‘फोर सीझन्स’ उभी राहिली, आपल्या वरळीलाही पोचली. शार्प यांनी देखाव्याऐवजी वागणुकीवर पैज लावली. आपल्याशी जसे वागले जावे असे वाटते तसे दुसऱ्याशी वागा, हा त्यांचा नियम, आणि तो पाहुण्यांइतकाच नोकरांनाही लागू करायचा. हा दुसरा अर्धा भाग इतर कंपन्या नक्कल करताना सोडून देतात. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत टोरांटोच्या त्यांच्या दारवानाची गोष्ट येते. पाहुण्याची ब्रीफकेस टॅक्सीत ठेवायची राहिली, म्हणून तो कुणाला न विचारता विमानाने वॉशिंग्टनला ती देऊन आला.

गोष्ट वाचून आपण हळवे होतो. पण त्या दारवानात हे आले कुठून? प्रशिक्षणातून थोडे येत असेल. उरलेल्याबद्दल आपल्या ताजची गोष्ट अधिक सांगून जाते. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात मुंबईच्या ताजमधले कर्मचारी मागच्या दारांनी पळून जाऊ शकत असताना पाहुण्यांसाठी थांबले, काही त्यात गेले. हार्वर्डच्या रोहित देशपांडे यांनी त्यावर अभ्यास केला, तेव्हा ताजच्या भरतीची रीत पुढे आली. ही कंपनी मुंबईऐवजी पुण्यासारख्या, चेन्नईऐवजी कोइमतूरसारख्या ठिकाणांहून मुले निवडण्यावर भर देई, कारण वडीलधाऱ्यांचा मान, दुसऱ्याची कदर या गोष्टी तिथल्या घरांत अजून शिल्लक आहेत असे तिला वाटे. म्हणजे सेवेचा कच्चा मालही बाहेरूनच येतो. आईने ताट वाढताना जे शिकवले त्याचे बिल पाहुण्याला पंचतारांकित दराने लागते, आणि आईचे नाव त्यावर कुठे नसते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३मध्येच हवाईसुंदरींच्या अभ्यासातून दाखवले होते की, हसणे कामाचा भाग झाले की माणसाला स्वतःचे खरे हसू कोणते हे कळेनासे होते. टोरांटो-व्हँकूव्हरच्या हॉटेलांत शिक्षण घेता घेता रात्रपाळी करणारी आपली मराठी मुले हे शास्त्र न वाचताच शिकतात. घरी फोन करताना त्यांचा आवाज आधी काउंटरवरचा असतो, मग दोन वाक्यांनी त्यांचा स्वतःचा होतो.

दुसऱ्याला काय परत मिळाले, याचा हिशेब ठेवणारे एक हॉटेलही कॅनडातच आहे. न्यूफाउंडलंडच्या ईशान्य किनाऱ्याबाहेर, बोटीने जायचे असे फोगो नावाचे बेट आहे. वस्ती अडीच हजारांच्या आत. सपाट पृथ्वीवाल्या मंडळींनी पृथ्वीच्या चार कोपऱ्यांपैकी एक इथे आहे असे ठरवले होते. वारा सुटला की ते पटू शकते. शतकानुशतके इथले सगळे जगणे कॉड माशावर. १९४९मध्ये न्यूफाउंडलंड कॅनडात आले. त्यानंतर लहान गावे उठवून लोकांना मोठ्या गावांत नेण्याची सरकारी योजना सुरू झाली. फोगोचाही नंबर लागणार होता. १९६७मध्ये राष्ट्रीय फिल्म बोर्डाचे कॉलिन लो आणि मेमोरियल विद्यापीठातली मंडळी तिथे गेली. त्यांनी लोकांच्या बोलण्याचे २७ छोटे चित्रपट केले आणि ते बेटावरच्याच वेगवेगळ्या गावांना दाखवले. एकमेकांशी न बोलणाऱ्या गावांनी पडद्यावर एकमेकांची तीच तक्रार ऐकली. त्यांनी जायला नकार दिला आणि मासेमारांची सहकारी संस्था काढली. मोठ्या ट्रॉलरांनी समुद्र उपसल्यावर १९९२मध्ये कॉडवर बंदी आली, तरी ही संस्था खेकडे आणि कोळंबीच्या जोरावर तगली.

या बेटावरची झिटा कॉब, मच्छीमाराची मुलगी, ओटावाच्या फायबर-ऑप्टिक कंपनीत वित्तविभागाच्या वरच्या पदावर पोचली, बक्कळ पैसा मिळवून परतली. भावांबरोबर तिने ‘शोअरफास्ट’ ही धर्मादाय संस्था काढली आणि २०१३मध्ये २९ खोल्यांचे फोगो आयलंड इन उघडले. वास्तुरचनाकार टॉड साँडर्स तिकडचेच, गँडरचे. किनाऱ्यावरची मासळी साफ करायची घरे जशी खांबांवर तोललेली असतात, तसेच हे हॉटेल खडकावर उभे आहे. खुर्च्या बेटावरच्या सुतारांनी घडवलेल्या, गोधड्या बेटावरच्या बायकांनी शिवलेल्या. पाहुणा आला की त्याला एक स्थानिक माणूस आपल्या गाडीतून फिरवतो. त्याला पाठ केलेले भाषण नसते. तो आपल्या काकाचे घर दाखवतो, राजकारण्यांवर तोंडसुख घेतो. इथले लोक वर्षाचे सात हंगाम मोजतात, त्यांतला एक समुद्रावर बर्फाचे तुकडे वाहून येण्याचा, एक बेरीच्या फळांचा.

भाडे रात्रीला हजारो डॉलरांच्या घरातले. म्हणून याला गरिबांचा स्वर्ग वगैरे म्हणू नये. फरक वेगळ्याच ठिकाणी आहे. हॉटेलचा नफा मालकाकडे न जाता शोअरफास्टकडे, म्हणजे बेटाच्या कामाकडे जातो. आणि खाद्यपदार्थाच्या पाकिटावर जसा पोषणमूल्यांचा तक्ता असतो, तसा हे हॉटेल आपल्या दराचा तक्ता प्रसिद्ध करते: पैशातला किती हिस्सा मजुरीचा, किती अन्नाचा, किती शिल्लक, आणि त्यातला किती बेटावर राहिला, किती कॅनडात, किती बाहेर गेला.

माझा एक आक्षेप आहे. हे सगळे एका श्रीमंत बाईच्या सद्भावनेवर टेकलेले दिसते. ती नसती तर? पण नीट पाहिले तर हॉटेल तिच्यापासून सुरूच होत नाही. ते उघडण्याच्या ४६ वर्षे आधी बेटाने हलायला नकार दिला आणि सहकारी संस्था काढली, तिथून ते सुरू होते. आधी गाव संघटित झाले, मग पाहुणा आला. बॅन्फमध्ये क्रम उलटा होता. उद्यान आणि हॉटेल आधी, आणि शेवटी तमाशापुरते लोक.

हे वाचताना कोकणाची आठवण होणे अपरिहार्य आहे. सिंधुदुर्ग १९९७मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्याआधीपासून वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोडा-वेळागरच्या किनाऱ्यावर पंचतारांकित हॉटेलासाठी जमीन घेतली गेली आणि तो वाद वर्षानुवर्षे रेंगाळला. दोन्ही बाजूंनी बोलले गेले ते मोबदला, नोकऱ्या आणि विकास याच भाषेत. गावाने नोकऱ्या मागितल्या की शासन खूश होते, कारण नोकरी देणे सोपे असते. माळी, सुरक्षारक्षक, खोल्या झाडणारी बाई ही पदे स्थानिकांनाच मिळतात, त्यासाठी आश्वासन लागत नाही.

आणि नवल असे की वाट्याची रीत शिकायला आपल्याला न्यूफाउंडलंडला जावे लागत नाही. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे काठावरून ओढायचे लांब जाळे, ओढतात. जाळे एकाच्या मालकीचे नसते, अनेक कुटुंबे मिळून रापण संघ चालवतात, दोरीला सगळे लागतात आणि आलेल्या मासळीचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, हातांचा वाटा. पर्ससीन नौकांनी मासळी खोल पाण्यातच उचलल्यामुळे ही रापण मोडकळीला आली आहे, आणि नेमक्या याच वेळी ती पर्यटकांचे आकर्षण झाली आहे. शहरातून आलेले पाहुणे उत्साहाने दोरीला हात लावतात, फोटो काढतात. काही वर्षांत मासळीसाठी रापण थांबली आणि एखाद्या रिसॉर्टच्या वेळापत्रकात सकाळी ७ वाजता ती लागली, तर तो आपला इंडियन डेज असेल.

हॉटेल येऊ नये असे मला मुळीच वाटत नाही. मालवणची न्याहारी-निवासाची घरे चांगली असली तरी श्रीमंत पाहुण्याचा पैसा जिल्ह्यात यायला मोठे हॉटेलही लागेल. पण शासनाची जमीन हॉटेलला भाडेपट्ट्याने जाते तेव्हा करारात भाडे, मुदत, खोल्यांची संख्या सगळे लिहिलेले असते. त्याच कागदावर उलाढालीतला ठरावीक हिस्सा गावाच्या सहकारी संस्थेच्या नावे, आणि दरवर्षी फोगोसारखा तक्ता ग्रामसभेपुढे, अशी दोन कलमे घालायला वेगळा कायदा लागत नाही. अशी संस्था आधी गावात उभी असली पाहिजे, एवढीच अट आहे, आणि ती शासनाने पूर्ण करायची नाही. रापण संघांच्या वह्या अजून काही घरांत आहेत. कुणाचा कितवा वाटा, हे त्यांत तारीखवार लिहिलेले आहे.